पान पिवळं पडलं, आता बघायचं कुठं?

मिरग निघालाय, पेरणीची धांदल आहे, कुणाच्या घरी बी-बियाण्याची जुळवाजुळव चाललीय, कुणाच्या घरी पत्र्यावरचं प्लास्टिक बदलायचंय. अशा दिवसांत आम्ही कुंडीतल्या झाडांबद्दल बोलायला बसलोय, याचं काहींना हसू येईल. पण गटांच्या बैठकांत आम्हाला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. उदगीरच्या आसपास कुठल्याही गावात जा, अंगणात तेलाच्या डब्यात मोगरा, रंगाच्या रिकाम्या बादलीत कढीपत्ता, न्हाणीच्या सांडपाण्यावर एखादं लिंबाचं झाड आणि दारात तुळस असतेच. आणि कुणीतरी म्हणतंच, "ताई, पानं पिवळी पडायलीत, कोणतं औषध मारू?"

या प्रश्नाच्या जोडीला दुसरा एक प्रश्न येतो. तो मोठ्यानं कुणी विचारत नाही, बैठक संपल्यावर कडेला घेऊन विचारतात. घरातली तुळस पिवळी पडली की बोट सुनेकडं जातं. "हिनं पाळीत शिवलं असणार." एका गावातल्या लेकीनं तर आम्हाला सांगितलं की सहा महिने तिला तुळशीच्या बाजूनं चालूच दिलं नाही, आणि तुळस तरी वाळलीच. म्हणून आज जरा निवांत, पिवळ्या पानाचं कारण कुठं शोधायचं ते बघू.

औषध आणायच्या आधी दोन गोष्टी करा. पहिली, कोणतं पान पिवळं आहे ते बघा. खालचं, जुनं पान की शेंड्याचं, कोवळं पान? दुसरी, बोट दोन पेरं मातीत घाला. एवढ्यावर अर्ध्याहून जास्त झाडांचं दुखणं कळतं. यासाठी दुकानात जावं लागत नाही.

खालची पानं पिवळी, माती बोटाला चिकटते, आणि झाड पाणी असूनही मलूल दिसतं, असं असेल तर मुळं गुदमरलीत. मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीच पाणी भरलं की हवेला जागा राहत नाही, मुळं कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड तहानल्यासारखं दिसतं. आपण म्हणतो, सुकलंय, अजून तांब्याभर घाला. तिथंच झाड जातं.

आपल्याकडं हे जास्त का होतं? कारण आपली काळी माती. शेतात ती सोनं आहे, डब्यात मात्र ती वेगळीच वागते. ओली झाली की फुगते आणि पोकळ्या बुजवून टाकते. वाळली की आकसते, विटेसारखी कडक होते आणि डब्याच्या कडेनं भेग पडते. मग वरून घातलेलं पाणी त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं. तळातून पाणी आलं म्हणजे झाड भिजलं असं आपल्याला वाटतं, पण मधला मुळांचा गोळा कोरडाच असतो. म्हणजे एकाच डब्यात पावसाळ्यात झाड बुडून मरतं आणि उन्हाळ्यात पाणी घालूनही तहानेनं मरतं. उपाय सोपा आहे. नुसती काळी माती डब्यात भरायची नाही. एक घमेलं काळी माती, एक घमेलं वाळू, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, असं सारखं मिसळायचं. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. ताजं शेण डब्यात तापतं आणि कोवळी मुळं जाळतं. डब्याला तळाशी बोट जाईल एवढी तीन-चार भोकं पाडायची आणि वर खापरीचा तुकडा पालथा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही. भोक न पाडता तळाला नुसती खडी घालून काही होत नाही, पाणी खडीत साचतं एवढंच. आणि पाणी दोन टप्प्यांत घाला. आधी थोडं, पाच मिनिटांनी पुन्हा थोडं. पहिल्या पाण्यानं माती सैल होते, दुसरं आत मुरतं.

आता तुळशीकडं येऊ. सिमेंटचं वृंदावन आपल्याकडं हौसेनं बांधतात. पण बांधताना गवंडी खाली भोक ठेवतो का, हे किती जणींनी पाहिलंय? बहुतेक वृंदावनं वरून उघडी आणि खालून बंद असतात. सकाळी सासूबाई अंघोळ करून तांब्याभर घालतात, मग जाऊबाई घालतात, मग सून घालते, एकादशीला शेजारीणही घालते. श्रद्धा प्रत्येकीची आहे, झाड मात्र एकच आहे. वर्षानुवर्षं हळद-कुंकू, दूध, उदबत्तीची राख त्याच मातीत पडत राहते. तुळशीचं लग्न आलं की वृंदावनाला चुना देतात, तो ओघळून मुळाशी जातो. सिमेंटमधूनही चुना मातीत उतरतो. एवढं सगळं सोसून तुळस हिरवी राहिली तर नवल.

शिवाय तुळशीचं आयुष्यच थोडं असतं. दोन-तीन वर्षांत ती जरड होते. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास मंजिऱ्या भरतात, बी धरतं, झाडाचा सगळा जीव बियांत जातो, आणि नंतरच्या थंडीत पानं पिवळी पडून गळतात. हे तिचं वयाचं गळणं आहे. मंजिऱ्या दिसायला लागल्या की शेंडे खुडत राहिलं तर ती जास्त दिवस भरदार राहते. काही मंजिऱ्या वाळू द्या, त्यातलं बी ठेवा आणि आता पावसाच्या तोंडावर एका पसरट डब्यात पेरा. जुनी खंगली तरी दारात नवी तयार असेल.

राहिला पाळीचा विषय. बाईच्या शिवण्यानं पान पिवळं पडत असतं, तर आपल्या शिवारात सोयाबीन, तूर, हरभरा कधी पिकलाच नसता. खुरपणीला, काढणीला, मळणीला बायाच जातात, आणि पाळीच्या दिवसांतही जातात. रोजानं बाई बोलावताना कुणी विचारत नाही की तुझा कितवा दिवस आहे. वावरातलं पीक चालतं आणि दारातली तुळस तेवढी वाळते, असं कसं होईल? ज्या घरात या कारणावरून बोलणी बसतात, तिथं भांडायला जाऊ नका. पहारीनं वृंदावनाच्या बुडाशी एक भोक पाडा, वरची हातभर माती काढून नवीन भरा, पाण्याचा मान एकीकडंच द्या, आणि महिनाभर थांबा. नवी पालवी दिसली की सासूबाईंना पुढं सांगायला काही लागणार नाही.

आता दुसरं पिवळेपण. आपल्या भागातलं खास म्हणावं असं हेच. खालची पानं हिरवीगार, पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी, आणि त्या पिवळ्या पानावर शिरा मात्र हिरव्या, जाळी काढल्यासारख्या. मोगरा, जास्वंद, गुलाब, लिंबू, कढीपत्ता, सगळ्यांवर हे दिसतं. फार वाढलं तर नवं पान जवळजवळ पांढरं येतं. भुईमुगावर आणि उसावरही तुम्ही हे पाहिलंय. ही लोहाची कमतरता.

गंमत अशी की आपल्या मातीत लोह कमी नाही. आपली माती ज्या काळ्या दगडापासून झाली तो दगडच लोहानं भरलेला आहे. पण मातीत चुनखडही भरपूर आहे. विहीर खोदताना पांढरे खडे निघतात, तेच. चुन्यामुळं लोह मातीत असं धरलं जातं की मुळाला ते सुटं मिळत नाही. कोठीला कुलूप आणि लेकरं उपाशी, तसं. तुमच्या मातीत चुना किती आहे ते घरीच बघता येतं. वाळलेल्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसून बुडबुडे आले की समजा चुना आहे. बीदरच्या बाजूला तांबडी माती लागते, तिथल्या कुंड्यांत हा त्रास कमी दिसतो.

त्यात भर घालतं बोअरचं पाणी. हंड्याच्या तळाला पांढरा थर बसतो ना, तोच थर रोज थोडा थोडा कुंडीतही बसतो. मातीवर आणि डब्याच्या काठावर पांढरी पापडी दिसते. फिल्टरच्या मशीनमधून बाजूला निघणारं पाणी तर त्याहून खारट. "वाया कशाला घालवायचं" म्हणून ते कुंड्यांना घालतात. आपण 2016 चा उन्हाळा पाहिलाय, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हापासून पाणी सांडवायला जीव होत नाही, हे खरंच. पण ते पाणी फरशी पुसायला, शौचालयाला वापरा. कुंडीला रोज घातलं तर पानांची टोकं करपतात. आता पाऊस सुरू होईल, तेव्हा पत्र्याच्या पन्हळीखाली पिंप ठेवा. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. डबे दोन-चार जोरदार सरींत उघड्यावर ठेवले आणि तळाची भोकं मोकळी असली, तर साचलेला खार बराच धुऊन जातो.

चुलीच्या राखेबद्दल आमचं मत ऐकून काहींना राग येईल. राख कीड मारते, खत होते, असं आपल्या आज्या सांगायच्या, आणि आंबट मातीच्या मुलखात राख कामाचीच आहे. पण राखेचा गुण चुन्यासारखाच. चुन्याच्या मातीत राख टाकणं म्हणजे कोठीला दुसरं कुलूप लावणं. राखेनं भांडी घासून ते पाणी मोगऱ्याला घालायचं आणि मोगरा पिवळा का म्हणायचं, हे होतं. अंड्याची टरफलं मोबाइलवर बघून कुणी कुंडीत टाकत असेल, तर तीही आपल्याकडं नकोत, तो चुनाच आहे. गंजके खिळे पुरून फारसं काही होत नाही, कारण गंज म्हणजे मुळाला न मिळणारं लोहच.

मग करायचं काय? कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळतं, म्हणजे फेरस सल्फेट. हिरवट खडे असतात ते घ्या. तपकिरी-पिवळी पडलेली पूड जुनी झालेली असते, ती घेऊ नका. प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर पाणी, शक्यतो पावसाचं, त्यात आधी अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस, आणि मग अडीच ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चहाचा चमचा, हिराकस. आधी एकाच फांदीवर फवारा आणि दोन दिवस बघा. पान करपलं नाही तर संध्याकाळी सगळ्या झाडावर फवारा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. द्रावण लगेच वापरायचं, उद्याला ठेवलं की लाल होतं आणि मग उपयोग नाही. कपड्यावर आणि फरशीवर डाग पडतात, तेवढं सांभाळा. कढीपत्त्यावर फवारलं तर आठवडाभर पानं तोडू नका आणि नंतर धुऊन घ्या. मातीत नुसतं टाकायचं नाही, चुना ते लगेच धरून ठेवतो. टाकायचंच असेल तर शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळून आठवडाभर ओलसर ठेवून मग द्या. आणि ही पुडी लेकरांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. लहान मुलाच्या पोटात गेलं तर ते विष आहे.

इथं आम्हाला थोडं झाडाबाहेरचं बोलू द्या. लोह आहे पण अंगी लागत नाही, हे आपल्या देहाचंही आहे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. आपण अंबाडी, राजगिऱ्याची भाजी खातो आणि वरून लगेच चहा पितो. चहा पोटातलं लोह धरून ठेवतो, जसा चुना मातीतलं. आशाताई गरोदर बाईला लाल गोळी देतात, शाळेत मुलींना निळी देतात, ती चहाबरोबर घेऊ नका. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला. भाजीवर लिंबू पिळा. झाडाच्या द्रावणात लिंबू आणि ताटातही लिंबू, दोन्हीकडं ते लोह अंगी लागायला मदत करतं. मात्र दुकानातलं हिराकस माणसानं खायचं नाही, माणसाची गोळी दवाखान्यातूनच.

तिसरं पिवळेपण साधं आहे. सगळं झाड फिकट, खालची पानं शिरांसकट सारखी पिवळी, वाढ खुंटलेली, माती ना फार ओली ना कोरडी. ही भूक आहे. दोन-तीन वर्षं त्याच डब्यात तीच माती असेल तर नत्र संपलेलं असतं. चिमूटभर युरियानं दोन दिवसांत हिरवं दिसतं, पण चिमूट कुणाची मोठी, कुणाची लहान, आणि डब्यात जादा युरिया झाड जाळतो. त्यापेक्षा महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत वरच्या मातीत खुरप्यानं मिसळा. पिवळं झालेलं जुनं पान परत हिरवं होत नाही, त्याची वाट बघू नका. नव्या पानाकडं बघा.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, कारण आपल्याकडं कशालाही "केवडा पडला" म्हणतात. लोह कमी असताना शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं असतं. परसातल्या भेंडीवर उलटं दिसतं, शिरा पिवळ्या आणि मधलं पान हिरवट. पुढं भेंडीही पिवळट, वाकडी येते. हा विषाणूचा केवडा. मूग, उडीद, सोयाबीनवर पिवळे-हिरवे चट्टे येतात, तो पिवळा मोझॅकही विषाणूचाच. पांढरी माशी एका झाडाचा रस पिऊन दुसऱ्यावर बसते आणि रोग नेते. याला हिराकस नाही, खत नाही, कुठलंच औषध नाही. आजारलेलं झाड उपटून लांब पुरायचं, जीव तुटला तरी. लवकर उपटलं तर बाकीची वाचतात. माशीसाठी पिवळा डबा घ्या, त्याला बाहेरून एरंडेल किंवा ग्रीस फासा आणि झाडांच्या उंचीला टांगा. पिवळ्या रंगाकडं माशी येते आणि चिकटते. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं 1980 च्या दशकात याच रोगाला तोंड देणारी 'परभणी क्रांती' भेंडी काढली, आणि ती देशभर गेली. बी घेताना केवड्याला दाद न देणारं वाण विचारून घ्या.

काही गोष्टी झटपट सांगतो. कढीपत्ता येळवसीच्या थंडीत पिवळा पडून पानं गाळतो, त्याला तेव्हा पाणी कमी द्या, फाल्गुनात फुटतो. उन्हाळ्यात पानावर बारीक पिवळे ठिपके आणि खाली जाळं दिसलं तर कोळी आहे, पानाच्या मागच्या बाजूला सलग चार-पाच दिवस पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. सावलीतली कुंडी एकदम उन्हात काढली तरी पानं पिवळट-पांढरी होतात, हळूहळू काढा.

आणि ही विनंती समजा. कढीपत्त्यावर, कोथिंबिरीवर, तुळशीवर शेतातलं उरलेलं कीटकनाशक मारू नका. सोयाबीनसाठी आणलेल्या बाटलीतलं टोपणभर "उरलंय तर मारू" म्हणून मारतात, आणि तीच चार पानं संध्याकाळी लेकरांच्या वरणात पडतात. खोकला झाला की तुळशीचा काढा त्याच पानांचा होतो. वर सांगितलेल्या पिवळेपणांपैकी बहुतेकांत कीड नसतेच, मग औषध कशावर मारताय?

खरंच कीड असेल, मावा असेल, पांढरी माशी असेल, तर निंबोळी आहे. आता या पंधरवड्यात कडुलिंबाखाली पिवळ्या निंबोळ्यांचा सडा पडतोय. लेकरांना टोपली द्या, गोळा करू द्या. गर धुऊन काढा आणि बिया सावलीत वाळवा, उन्हात नाही. ओलसर पोत्यात भरू नका, बुरशी येते. वापरताना 50 ग्रॅम बियांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची, थोडा साबण घालायचा आणि संध्याकाळी फवारायची. पुढच्या भागात आम्ही गटानं मिळून निंबोळी अर्क कसा करायचा आणि परसबागेसाठी वाटून कसा घ्यायचा, ते सांगणार आहोत. तोवर निदान दोन किलो बिया प्रत्येकीच्या घरी वाळलेल्या असू द्या. आणि वृंदावनाला भोक आहे का, ते आज दिवे लावताना बघून घ्या.